चाल : आईची

बाई गेल्या त्याला आता एक पावसाळा उलटला. बातमी आली तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर अर्ध्या तासात चाळीसेक हात जोडले गेले. कुणी पणती टाकली, कुणी गुलाबाचं फूल, एकाने नुसतं ‘आरआयपी’. सेक्रेटरींनी रीतसर लिहिलं : ‘अतिशय प्रेमळ व हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपले.’

मी बाईंना सव्वीस वर्षं ओळखत होतो. त्या हसतमुख नव्हत्या. बिल्डिंगमधल्या पोरांना पेटी शिकवताना बोट चुकीच्या पट्टीवर पडलं की त्या लाकडी फूटपट्टीने त्याच बोटावर हलकेच मारत; हलकेच हे त्यांचं मत, पोरांचं वेगळं होतं. मी तबला जेमतेम वाजवतो. बाईंच्या भाषेत, ठोकतो. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी रविवारच्या उपासनेची तालीम चाले आणि चर्चचे तबलजी सेकंड शिफ्टला असले की मला वरून हाक यायची. ‘ये, पण डग्ग्याला जरा आवर घाल.’ सव्वीस वर्षांत कौतुक झालं ते एकदाच : ‘आज त्रास नाही दिलास.’

प्रेमळ होत्या म्हणा हवं तर. पण त्यांच्याबद्दल सांगायची ती पहिली गोष्ट नव्हती, दहावीही नव्हती. सांगायची गोष्ट ही की या बाईंना तीनशेच्या वर मराठी ख्रिस्ती गाणी चालीसकट पाठ होती. पुस्तक त्या उघडत फक्त इतरांना पान क्रमांक सांगण्यापुरतं. मंडळीत म्हातारे जास्त जमले आहेत असं दिसलं की काही न बोलता अर्धा सूर खाली उतरवून गाणं सुरू करत, म्हणजे वरच्या जागेला कुणाचा आवाज फाटू नये. त्यांच्या पेटीच्या मधल्या सप्तकातला एक सूर बसका लागायचा. दुरुस्तीवाल्याने दोनदा हात टेकले, तेव्हापासून त्या ती पट्टी चुकवून, शेजारचे सूर जरा दाबून असं काही वाजवत की ऐकणाऱ्याला पत्ता लागत नसे. हे सगळं शोकसभेत कुणी बोललं नाही. तिथे बोलले ते असं : दारातून कुणी उपाशी गेलं नाही, नातवंडांवर फार जीव, शेवटपर्यंत कुणावर भार झाल्या नाहीत.

गाणारा, वाजवणारा, शिकवणारा पुरुष गेला की आपण म्हणतो, व्यासंग होता, जाणकार होते, पिढी घडवली. बाई गेली की स्वभाव सांगतो. मी गेल्या काही वर्षांत बऱ्याच शोकसभांना बसलोय, वयच तसं झालंय, आणि हा फरक मला एकदाही चुकलेला दिसला नाही. ठाण्याच्या नाक्यानाक्यावर ज्यांना भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागतात त्यांनी निदान काय-काय केलं याची यादी तरी असते, खरी असो की खोटी. बायकांसाठी आपल्याकडे तीन विशेषणं तयार असतात, नाव बदललं की चालतात.

आता दफनविधीच्या दिवशी काय झालं ते सांगतो, कारण हा लेख त्यावरूनच सुचला.

बाईंनी मुलीला सांगून ठेवलं होतं की माझ्या वेळी अमुक अभंग म्हणा. चाळीस वर्षं इतरांच्या पेटीशेजारी बाईंची पेटी असायची, त्यामुळे आपल्या वेळी काय हवं याचा विचार त्यांनी केलेला असणारच. मुलीने पुस्तकातून तो अभंग काढला. शब्द होते, चाल कुणालाच येईना. मग बाईंची वही काढली. लांबट, हिशेबाची असते तसली, लाल कापडी पाठीची. त्यात त्यांनी निळ्या शाईने गाण्यांचे क्रमांक आणि काहींपुढे मोडकंतोडकं सरगम लिहून ठेवलं होतं. या अभंगापुढे दोनच शब्द होते : ‘चाल – आईची’.

बाईंची आई नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात कधीच गेलेली. त्यांच्या मुलीने आजीला गाताना ऐकलेलं नव्हतं. पाळकसाहेब नवे, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले. शेवटी कीबोर्ड वाजवणारा मुलगा म्हणाला, अभंगच आहे ना, कुठल्याही अभंगाच्या चालीत बसेल. त्याने रेडिओवर आपण सगळ्यांनी हजारदा ऐकलेली एक चाल धरली, कीबोर्डवरचा तयार ठेका लावला, आणि अभंग बसला. चांगला बसला. सगळ्यांनी मोकळ्या आवाजात म्हटला, कारण चाल ओळखीची होती. लोकांचे डोळे पाणावले. माझेही.

घरी येताना माझ्या मनात एकच होतं : जे हरवलं ते कुणाला जाणवलंच नाही, कारण त्याच्या जागी दुसरं काहीतरी चपखल बसलं.

मराठी ख्रिस्ती गाण्यांची ही जुनीच सोय आहे आणि तोच त्यांचा घात आहे. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तनं रचली, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) शेकड्यांनी पदं लिहिली, ती अभंग, ओवी, साकी, दिंडी या आपल्याच छंदांत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारा हा कवी. त्याला छंद बाहेरून आणायची गरज नव्हती. मिशनऱ्यांनी आणलेल्या इंग्रजी चाली होत्याच, पण त्यांचं बरं होतं. त्या कागदावर होत्या, त्यांना नावं होती, लंडनमध्ये छापलेलं पुस्तक ठाण्यात उघडलं तरी तोच सूर निघायचा. देशी चाली मात्र माणसांच्या गळ्यात राहिल्या. त्यांच्यावर ‘चाल अमुक’ असं लिहायचं आणि ते अमुक सगळ्यांना ठाऊक आहे असं धरून चालायचं. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांतही पदांवर असंच ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याची ओळ दिलेली असते. ती ओळ आज कुणाला आठवत नाही, पण नाट्यपदं वाचली, कारण त्यांच्या तबकड्या निघाल्या, रेडिओ आला, मैफली झाल्या. चर्चमधल्या चाळीस बाकांसाठी तबकडी कोण काढणार?

यावर पहिला आक्षेप मला आमच्या कट्ट्यावरच ऐकायला मिळाला. हे चर्चचं काम आहे, चर्चने करावं. त्याचा सार्वजनिक प्रश्न कशाला करतोस? बोलणारा माणूस भला आहे, पण या भलेपणात एक गृहीतक आहे की ही गाणी ‘त्यांची’. ती मराठी आहेत हो. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचं मराठी आपण शाळेत धडा म्हणून वाचलं तेव्हा ते कुणाचं होतं? फादर स्टीफन्सनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ ओव्यांत छापलं, त्याचे दाखले मराठीचं वय सांगताना आपण अभिमानाने देतो. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा, ३ ऑक्टोबर २०२४ला, आमच्याच नाक्यावर पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. पण २०२०च्या उस्मानाबादच्या संमेलनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष निवडले गेले तेव्हा काही जणांना ते खुपलं होतं, हेही मला आठवतं. जुना आणि मेलेला ख्रिस्ती आपल्याला मराठी म्हणून चालतो. वरच्या मजल्यावर शनिवारी पेटी वाजवणारी म्हातारी मात्र ‘त्यांच्यातली’ ठरते.

आणि चर्चने करावं म्हणजे कुणी? २०११च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती सुमारे पावणेअकरा लाख, शंभरात एकही नाही. त्यात गोव्याकडचे, केरळचे, तमिळ, सगळे आले. मराठीत गाणारे त्यातला एक वाटा, आणि त्यांची मुलं नवी मुंबईच्या इंग्रजी शाळांतून आता इंग्रजी उपासनेला जातात. यात दोष देण्यासारखं काही नाही, आमची पोरं तरी कुठे भजनाला बसतात. पण मग बाईंची वही सांभाळायची ती कुणी? मुलगी खारघरला राहते, नोकरी करते, घर दोन खोल्यांचं. तिने वही ठेवली हेच खूप. पेटी विकली, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी. आता प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे, काळजी कसली? खरंच आहे. बाईंच्या नातवाच्या फोनमध्ये आजीच्या गाण्याचे सात-आठ तुकडे सापडले. त्यातल्या एकात कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत, एक गाणं मधूनच सुरू होऊन मधूनच तुटतं, आणि गाणं कोणतं, कधीचं, कुणाकडून शिकलेलं, याचा कुठेही पत्ता नाही. नातू म्हणाला, मागचा फोन पडला तेव्हा अजून होते ते गेले. नोंद म्हणजे पहिली ओळ, कुणाकडून आलं, कोणत्या गावात, अंदाजे कोणत्या साली, आणि गाणारीचं पूर्ण नाव. हे नसलं तर रेकॉर्डिंग पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला काय सांगणार? एक बाई गातेय, मागे कुकर आहे.

जमतं का हे? महाराष्ट्रात जमलेलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यात बसून, म्हणजे खरं तर पुण्यात न बसता गावोगाव कार्यकर्त्यांसह फिरून, जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव. ज्या बायकांना सातबाऱ्यावर नाव मिळालं नाही त्यांना त्या यादीत मिळालं. जाती बंद पडायच्या बेतात असताना ते काम झालं म्हणून आज त्या ओव्या ऐकता येतात. वीस वर्षं उशीर झाला असता तर गिरणीच्या पट्ट्याचा आवाज तेवढा उरला असता.

ठाण्यात तर हे काम न जमायला कारणच नाही. आपल्याकडचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी जुन्या पोथ्या, कागद, पुस्तकं जपायची म्हणून ते उभं केलं, आणि त्या काळीही कुणीतरी म्हणालंच असेल की ही जुनी बाडं कुणाच्या घरी आहेत त्यांनी सांभाळावीत. आज बाड गळ्यात आहे एवढाच फरक. शहरातल्या वाचनालयांनी, पालिकेच्या सांस्कृतिक खात्याने, ज्यांच्याकडे कार्यक्रमांसाठी मंडपाचा खर्च असतो त्यांनी, दोन बरे माइक घ्यावेत आणि महिन्यातून चार म्हाताऱ्यांकडे जावं. ख्रिस्ती बाईंकडेच जा असं मी म्हणत नाही. चेंदणी कोळीवाड्यातल्या आज्या, राबोडीतल्या लग्नाची गाणी म्हणणाऱ्या खाला, वागळे इस्टेटच्या मागच्या वस्त्यांतल्या भीमगीतं गाणाऱ्या मावश्या. एकीला एक दुपार. कॉलेजच्या पोरांना एनएसएसचे तास भरायचे असतातच, त्यांना झाडू देऊन तलावपाळीवर फोटो काढण्यापेक्षा हे बरं.

तलावपाळीवरून आठवलं. ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचा अर्पणविधी १८२५ साली कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते झाला. हेबर नुसते बिशप नव्हते, गीतकार होते. जगभरच्या चर्चमध्ये आजही गायलं जाणारं ‘होली, होली, होली’ त्यांचंच. पुढच्याच वर्षी ते दक्षिणेत वारले, आणि त्यांच्या हिंदुस्थानातल्या प्रवासाची दैनंदिनी त्यांच्या पत्नीने छापून घेतली. म्हणून दोनशे वर्षांपूर्वी या शहरात आलेल्या पाहुण्याबद्दल मी तुम्हाला एवढं सांगू शकतो. बाई १९६४ साली ठाण्यात आल्या, नवऱ्याला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून. साठ वर्षं इथे राहिल्या, दर रविवारी गायल्या. त्यांच्याबद्दल या शहराकडे काय आहे? रेशनकार्ड, मतदार यादी, मृत्यूचा दाखला.

तिसरा आक्षेप मात्र बाईंचाच आहे आणि तो मला अजून पूर्ण खोडता आलेला नाही. करोनाच्या आधी एकदा मी शनिवारी फोन पेटीशेजारी ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. बाईंनी भाता थांबवला. ‘हे काय?’ म्हटलं, ‘जपून ठेवतो.’ तर म्हणाल्या, ‘ही मैफल नाहीये. मी कुणाला ऐकवायला गात नाही.’ आणि फोन उचलून उलटा ठेवला. त्यांच्या लेखी गाणं देवाला होतं, मंडळीने मिळून म्हणायचं होतं. एकटीचा आवाज वेगळा काढून ठेवणं त्यांना गर्विष्ठपणा वाटे. मी फोन खिशात टाकला आणि तालीम पुढे चालली. त्यानंतर पुन्हा विचारलं नाही.

आता वाटतं, विचारायला हवं होतं, पण वेगळं. त्यांचा आवाज मागायला नको होता, चाल मागायला हवी होती. कारण याच बाई चाल चुकली की भर उपासनेत पेटी थांबवत. एकदा तर खजिनदारांना, चांगल्या पन्नाशीतल्या माणसाला, पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर पाठवलं होतं. चाल त्यांच्या मालकीची नव्हती, त्या फक्त राखणदार होत्या, आणि राखणदाराला ‘तुमच्यामागे कोण?’ हा प्रश्न उद्धट वाटत नाही. ‘आई, तुमची चाल कुणाकडून आली?’ असं विचारलं तर म्हातारी माणसं बोलायला लागतात. ‘तुम्ही छान गाता, गा ना’ म्हटलं की लाजतात किंवा रागावतात. ज्यांनी नोंदी घ्यायला जायचं त्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ दारं उघडतील. आणि तरीही एखादीने नाही म्हटलं तर नाही. फोन उलटा ठेवायचा आणि चहा घेऊन यायचं. तिची चाल तिच्याबरोबर गेली तर गेली. निदान विचारलं नाही म्हणून गेली नाही.

सगळंच जपता येत नाही, आणि जपूही नये, हे मला मान्य आहे. चाली मरतात म्हणून नव्या येतात. त्या कीबोर्डवाल्या पोराने त्या दिवशी वेळ निभावून नेली, उद्या तो स्वतःची चाल बांधेल, आणि मी त्याला फूटपट्टी दाखवणार नाही. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. त्याच्यासमोर निवडच नव्हती. जुनी चाल ऐकून ती नको म्हणणं वेगळं, आणि ती होती हेच माहीत नसणं वेगळं.

दोन महिन्यांपूर्वी बाईंच्या मुलीने वहीच्या पानांचे फोटो मला पाठवले. मी बसून मोजलं : एकशे बारा गाण्यांपुढे काही ना काही लिहिलंय. पुष्कळ ठिकाणी सरगम आहे. चोवीस ठिकाणी नुसती माणसं आहेत. ‘चाल – मास्तरांची’. ‘चाल – जालन्याची मावशी’. ‘चाल – वॉर्डातली सिस्टर, फार उंच, उतरवून घेणे’. आणि ‘आईची’ तीनदा.

मुलीनेच सांगितलं की नगरच्या बोर्डिंगमध्ये बाईंबरोबर एकाच खोलीत असलेल्या एक आजी कळव्याला असतात, पंच्याऐंशीच्या आहेत, कानाला जरा कमी ऐकू येतं. गेल्या आठवड्यात फोन केला. ओळख सांगितली, अभंगाची पहिली ओळ जरा मोठ्याने वाचून दाखवली, आणि सांगितलं की बाईंनी ही त्यांच्या आईची चाल म्हणून लिहून ठेवलीय.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग खणखणीत आवाज आला, ‘तिच्या कुठल्या आईची? माझ्या आईची चाल ती! सुट्टीत आमच्या घरी आली होती, तेव्हा उचलली.’

म्हटलं, कधी येऊ?

‘रविवारी ये, चर्च झाल्यावर. जेवायलाच ये. तूच ना तो तबलेवाला?’ मी हो म्हटलं. ‘मग तबला नको आणूस.’